कागदावरचं नाव

मशीननं पत्र गिळलं.

"बंद करा! अहो, बंद करा ना!"

मी एवढ्या जोरात ओरडले की गोडादरा भागातल्या त्या झेरॉक्सच्या दुकानातले सगळे वळून बघायला लागले. काउंटरमागच्या मुलानं शांतपणे बटण दाबलं, झाकण उघडलं आणि दोन बोटांनी ते पिवळं पडलेलं आंतरदेशीय पत्र इतकं अलगद सोडवलं की... खरं सांगते, मी पत्रापेक्षा त्या बोटांकडेच जास्त पाहत होते.

"घ्या. लव्ह लेटर वाटतं?"

"आजीच्या भावाचं आहे. एकाहत्तरच्या लढाईतलं."

त्याचं हसू मावळलं. "सॉरी हं," म्हणत त्यानं स्टूल पुढे सरकवलं.

त्याचं नाव योगेंद्र. फौजेच्या भरतीला जाणाऱ्या पोरांचे फॉर्म भरून द्यायचा. मी घाबरले की बडबडते, आणि मी मुळातच घाबरट — त्यामुळे पाच मिनिटांत त्याला माझं नाव तारा इथपासून सगळी कहाणी कळली.

सखुआजीच्या भावाचं नाव धुडकू. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचललं, मुलीसारखं नाक टोचलं आणि मुद्दाम टाकाऊ नाव ठेवलं. मरणाला वाटावं, ह्याला काय न्यायचं! तो जगला. आईवडील गेल्यावर त्यानं बहिणीचं लग्न लावून दिलं आणि फौजेत गेला. आघाडीवरून हे एकच पत्र आलं, खाली 'तुझा धुडकू'. मग ना माणूस, ना तार. सासरचे आजीला जन्मभर 'भगोड्याची बहीण' म्हणत राहिले. परवा दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "मरी गया का पयी गया, इतलंच सांग माले."

"आणि खरंच पळून गेला असेल तर?" मी योगेंद्रला विचारलं. "तिला काय सांगू मी?"

"आधी लिहून तर बघू," तो म्हणाला. पत्रावर नुसता पलटणीचा पत्ता होता. त्यानंच अर्ज टाइप केला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. धुडकू नावाचा जवान नोंदीत नाही. मी भर दुकानात रडायला लागले. तेवढ्यात योगेंद्रच्या आईचा फोन आला, आणि तो नेमका स्पीकरवर. "भटू, जेवायला ये रे लवकर!"

रडता रडता मला हसू फुटलं. "भटू?"

"घरचं नाव. कुठे बोलू नका, प्लीज."

"फॉर्मवर का नाही लिहीत?"

"वेड लागलंय का? भरतीच्या मैदानावर पोरं जगू देतील..." तो बोलता बोलता थांबला. "तारा — धुडकू असं नाव सांगून कोणी भरती होईल?"

'अहो' नाही, 'ताई' नाही. नुसतं तारा. त्या गडबडीतही माझ्या कानाची पाळी गरम झाली.

"पण दुसरं नाव आम्हाला कुठे माहितीये?"

"नाव बदललं असेल, नाक कसं बदलेल? भरतीत ओळखीची खूण लिहून घेतात."

दुसरा अर्ज गेला. पुढचे तीन महिने मी डिंडोलीच्या घरून काहीतरी निमित्त काढून दुकानात जात राहिले. उत्तराचा पत्ता दुकानाचाच दिला होता, त्यामुळे पोस्टमन दिसला की मी मशीनमागे सरकायचे.

"आधारच्या चाळीस कॉप्या झाल्या," योगेंद्र म्हणायचा. "घरी पापड गुंडाळता का?"

"तुमचं मशीन आवडतं मला."

"मशीनच...?"

मी कॉपी उचलून पळ काढायचे.

शेवटी एका दुपारी पोस्टमननं दोन पाकिटं टाकली. एक माझं. दुसरं योगेंद्रनं पटकन कीबोर्डखाली सारलं.

"तू वाच," मी म्हणाले. आणि माझं पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

तो हळूहळू मराठीत सांगत गेला. "नाव लक्ष्मण. गाव तेच. वय एकोणीस. खूण... उजवी नाकपुडी टोचलेली. डिसेंबर एकाहत्तर, आघाडीवर लढताना वीरमरण." त्यानं पान उलटलं. "तार गावी गेली होती, तारा. 'या नावाचं इथे कोणी नाही' म्हणून परत आली."

गावाला लक्ष्मण माहीतच नव्हता. तिथे फक्त धुडकू होता.

मी डोळे पुसले आणि कीबोर्डखालचं पाकीट ओढलं. "हे काय आहे?"

"अग्निवीरचं जॉइनिंग लेटर. पंधरा दिवसांनी निघायचंय. तू आधीच इतकी घाबरलेली होतीस... म्हटलं, त्यात माझं कशाला."

जाऊ नकोस, असं मला किंचाळावंसं वाटलं. आत्ताच एकोणीस वर्षांचा पोरगा कसा गेला ते ऐकलं होतं मी! पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला भीती वाटते. आणि तू मला आवडतोस. फार."

त्यानं दोन्ही पाकिटं खिशात घातली. मग म्हणाला, "चल, आधी आजीला सांगू."

आजीनं सगळं ऐकून घेतलं. "मना भाऊ पयना नही," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली, पन्नास वर्षांचं साठलेलं. मग डोळे पुसून तिनं योगेंद्रकडे पाहिलं. "तुनं घरनं नाव काय शे रे? आनि कागदवरनं?"

त्यानं मुकाट्यानं दोन्ही सांगितली. मी हसू दाबलं.

जिन्यापाशी त्यानं खिशातून जॉइनिंगचा फॉर्म काढला. 'काही झाल्यास कोणाला कळवावे?' पहिल्या ओळीत आईचं नाव होतं. दुसरी मोकळी होती.

"अग्निवीरला चार वर्षं लग्न करता येत नाही, तारा."

"मी लग्नाचं विचारलं का?"

"मी विचारतोय."

मी फॉर्म भिंतीवर धरला. "माझं नाव लिही. नुसतं तारा नको हं, सोबत कागदावरचंही लिही. कोणी शोधत आलं तर दारातून परत जायला नको."

तो पेन उघडून, मला काही न विचारता, माझं कागदावरचं नाव लिहायला लागला. रंजना...

"तुला कसं माहीत?"

"तुझ्या आधारच्या चाळीस कॉप्या कोणी काढल्या?" तो म्हणाला आणि पुढचं आडनाव लिहायला लागला.