उघडी तक्रार

श्लोककाका इतके मनापासून रडत होते, की वेधालाच त्यांना पाण्याचा ग्लास द्यावासा वाटला. समोरच्या भिंतीवर भलीमोठी तबकडी होती आणि तिच्यावरचा काटा चाळीस ओलांडून पुढे सरकत होता. साठावर जाऊन टिकला, की वेधाची तक्रार बंद!

"माफ कर गं बाळा," ते हुंदका आवरत म्हणाले. "तुझी बोटं... माझ्यामुळे..."

"काका, एक मिनिट," वेधा म्हणाली. "तुम्ही कोण?"

खेदघरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. खेदघर म्हणजे 'काचघर' रुग्णालयातली तक्रारींची खोली. (रुग्णालयाचं खरं नाव लांबलचक होतं; पण सगळी इमारतच काचेची, त्यामुळे रिक्षावालेसुद्धा काचघरच म्हणायचे.) वेधा तोडकर दहावीत होती. दोरीच्या मल्लखांबाचा सराव करताना ती पडली आणि तिचा उजवा हात कोपराखाली मोडला. काचघरात हाताला प्लास्टर घातलं. संध्याकाळपर्यंत हात आतून सुजला, प्लास्टर मात्र होतं तेवढंच राहिलं. बोटांकडे जाणारं रक्त अडलं. वेधा ओरडत होती, दुखतंय, बोटं बधिर झालीयेत. "नवीन प्लास्टर असंच वाटतं," असं काचघरातून फोनवर उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर कापलं, तोपर्यंत आतले स्नायू आखडले होते आणि नसा मेल्या होत्या. आता त्या हाताची तीन बोटं तळहाताकडे वळून तशीच राहिली होती. अंगठा आणि त्याशेजारचं बोट, एवढीच तिच्या हुकमात होती. दोन बोटांनी दोर धरून बघा कधी!

आता हा काटा कसला, ते सांगायला हवं. पूर्वी एखाद्या पेशंटने तक्रार केली, की ती चेंडूसारखी फिरायची. डॉक्टर म्हणायचे नर्सला विचारा, नर्स म्हणायची व्यवस्थापनाला विचारा, व्यवस्थापन म्हणायचं मशीनच्या कंपनीला विचारा. आणि सगळीकडून फिरून चेंडू परत पेशंटच्याच अंगावर यायचा: तुम्हीच उशिरा आलात. शेवटी सरकारने लोकांनाच विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? बहुतेकांचं उत्तर सारखंच होतं. पैसे द्या किंवा नका देऊ, पण कुणीतरी 'चुकलं माझं' म्हणा, आणि ते खरं असू द्या.

मग खेदमापी आला. कपाळाला बांधायचा एक मऊ पट्टा. माणसाच्या मनाला खरी टोचणी लागली, की मेंदूतले काही भाग ठरावीक क्रमाने जागे होतात. खोटं रडणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पण मेंदूतला तो क्रम काही केल्या जुळत नाही. हा क्रम शोधून काढला डॉ. रुक्साना मणेर यांनी, आणि त्या या क्षणी पट्ट्याच्या वायरी हातात धरून वेधाकडे बघत होत्या. कायदा सोपा होता: उपचारांशी संबंधित कुणाचा तरी खरा खेद साठच्या वर टिकला, की तक्रार बंद आणि रुग्णालयाने झालेलं नुकसान फुकट दुरुस्त करून द्यायचं. वेधाच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे नस-रोपण. नवी नस लावायची, बोटं पुन्हा उघडायची. हे ऑपरेशन फक्त काचघरात व्हायचं आणि ते विकत घेणं तोडकरांच्या आवाक्यात नव्हतं.

फक्त 'कुणाचा तरी' म्हणजे नेमका कुणाचा, हे कायद्यात लिहायचं राहिलं होतं.

"हे आमचे खेदाधिकारी," मणेर मॅडम म्हणाल्या. "रुग्णालयाच्या वतीने खेद वाटून घेण्याचं काम त्यांच्याकडे आहे."

"नोकरी आहे ही?"

"परीक्षा घेऊन निवडतात. काही माणसांना जात्याच फार टोचतं. शेजाऱ्याचा कुत्रा मेला तरी ह्यांना वाटतं, आपण वेळेवर बिस्कीट घालायला हवं होतं."

"खरंच हवं होतं," श्लोककाका पुटपुटले. काटा आणखी वर गेला.

"थांबा थांबा थांबा!" वेधा खुर्चीतून उठलीच. "काका, माझा हात मोडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"नागपूरला. मेव्हण्याचा साखरपुडा होता."

"मग माझं प्लास्टर काय नागपूरहून आवळलंत?"

"वेधे, नीट बोल," तिची आई, सानिका, मागून दबक्या आवाजात म्हणाली.

"पण मी इथे असतो तर..." श्लोककाका म्हणाले.

"तर काय केलं असतंत? तुम्ही डॉक्टर आहात?"

"मी बीकॉम आहे."

वेधाला हसू आलं. त्यांनाही आलं, रडता रडता. काटा घसरला.

"काका, तुम्ही मला आज पहिल्यांदा बघताय. तुमचं काहीही चुकलेलं नाही. माझी शप्पत. जेवलात का?"

"भूक लागत नाही हल्ली."

"लागेल. जा, जेवा."

काटा भराभर खाली आला. श्लोककाकांनी पट्टा काढला, कपाळ चोळलं आणि कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घेतल्यासारखे ते बाहेर गेले.

मणेर मॅडम तबकडीकडे बघतच राहिल्या. "लोक त्यांना रडताना बघतात आणि तेवढ्यावर शांत होतात."

"मी नाही होत, मॅडम. ज्यांनी प्लास्टर घातलं त्यांना बोलवा."

खेदाधिकाऱ्याचा काटा टिकला नाही, तर मूळ डॉक्टरला बसवावं लागतं, हाही नियमच होता. डॉ. रणवीर घोरपडे आले. नीटनेटके, थकलेले, बोलायला गोड. खलनायक असतात तसे ते मुळीच दिसत नव्हते, आणि वेधाला याचाच जास्त राग आला. त्यांनी स्वतःच पट्टा बांधून घेतला.

"डॉक्टर, माझी बोटं बधिर झालीयेत, असं आम्ही फोनवर सांगितलं होतं."

"हो. नवीन प्लास्टरमध्ये बहुतेक सगळ्यांना तसं वाटतं. प्रत्येकाला परत बोलावलं तर वॉर्ड चालवायचा कसा?"

"बहुतेकांना वाटतं. आणि ज्याचं खरंच असतं, तो?"

"त्याचं दुर्दैव," घोरपडे हळू म्हणाले. "मला वाईट वाटतं तुझ्यासाठी. अगदी मनापासून."

काटा चारवर होता.

वेधाने काट्याकडे बोट दाखवलं. उजव्या हातात दाखवायला तेवढं एकच उरलं होतं. "मॅडम, हे खोटं बोलतायत!"

"नाही," मणेर मॅडम म्हणाल्या. "त्यांना तुझी दया येते, ती खरीच आहे. पण दया वेगळी आणि टोचणी वेगळी. पायाला जसे घट्टे पडतात ना, तसे मनालाही पडतात. आपण बरोबरच होतो, असं स्वतःला रोज समजावत राहिलं, की मेंदू त्या वाटेने जाणंच सोडून देतो."

"मग यंत्राचा उपयोग काय? चूक कुणाची, ते कळतच नाही!"

"माझं यंत्र चूक मोजत नाही, वेधा. टोचणी मोजतं." त्यांचा आवाज थोडा खाली गेला. "या दोन गोष्टी एकाच माणसात सापडतील, असं आम्ही धरून चाललो होतो."

घोरपडेंनी पट्टा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, प्लास्टरला संमती आईंनी दिली होती. नियमाने त्याही उपचारांशी संबंधित आहेत."

ते सवयीने, सहज बोलले. वेधाला काही कळायच्या आत सानिका पुढे येऊन खुर्चीत बसलीसुद्धा. जणू ती मघापासून आपलं नाव पुकारलं जाण्याचीच वाट बघत होती.

पट्टा बांधला. काटा तीसवर गेला. पन्नासवर. साठवर थांबला नाही, सत्तर, ऐंशी, आणि तबकडीच्या शेवटच्या आकड्याला जाऊन थरथरत राहिला. खालचा दिवा हळूहळू हिरवा व्हायला लागला. तो पूर्ण हिरवा झाला, की तक्रार बंद. शेरा: खेद आढळला. कुणाचा? आईचा.

"आई, हे काय करतेयस? तुझं काय चुकलं?"

"तू ओरडत होतीस आणि मी म्हटलं, सोस जरा."

"कारण डॉक्टर तसं म्हणाले होते!"

"तुझी बोटं निळी पडली होती, वेधे. मी बघितली होती."

हे वेधाला माहीत नव्हतं. निळी पडलेली बोटं आईने बघितली होती? आणि गप्प बसली?

"मग काय केलंस तू?"

"फोन लावला परत. सांगितलं, निळी दिसतायत."

"आणि?"

सानिकाने घोरपडेंकडे बघितलंसुद्धा नाही. "म्हणाले, ताई, तुम्ही घाबरताय आणि पोरीलाही घाबरवताय."

"बघा!" वेधा ओरडली. "आई, तू सांगितलं होतंस! दोनदा सांगितलंस! आणखी काय करायचं होतं?"

"भांडायला हवं होतं. तुला उचलून इथे आणून आपटायला हवं होतं ह्यांच्या टेबलावर." सानिकाचे डोळे कोरडे होते. "मला वाटलं, उगाच तमाशा नको."

काटा जराही हलला नाही. श्लोककाकांना पटवणं सोपं होतं. आईला कसं पटवणार? यंत्राचं म्हणणं तिला आधीपासूनच पटलेलं होतं. दिवा अर्धा हिरवा झाला.

"मॅडम, किती तक्रारी अशा बंद होतात?" वेधाने विचारलं. "आईच्या नावावर?"

"खूप," मणेर मॅडम म्हणाल्या. "आया, बायका, मुली. ज्यांनी रात्री उशाशी बसून काढल्या, त्यांचा काटा नेहमी सगळ्यात वर जातो. खेदाधिकारी नेमायची पद्धत नंतर आली. घरच्यांना खुर्चीत बसवायला नको, म्हणून."

म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं तर!

"वेधे, गप्प राहा," सानिका म्हणाली. "होऊ दे हिरवा. ऑपरेशन होईल तुझं. परत दोरावर चढशील. माझं नाव लागलं तर लागू दे. खोटं थोडंच आहे ते?"

आता खरी पंचाईत होती. वेधाने आपल्या वळलेल्या बोटांकडे बघितलं. नुसतं उभं राहायचं होतं. काहीही न करता. दिवा भरला असता, बोटं उघडली असती, दोर पुन्हा हातात आला असता. आणि दोर धरताना दर वेळी तिला आठवलं असतं, की हा हात आईला गुन्हेगार ठरवून मिळालाय. घोरपडे वॉर्डात परत गेले असते आणि पुढच्या आईला फोनवर म्हणाले असते, ताई, तुम्ही घाबरताय.

दिव्याचा फक्त एक काठ उरला होता. वेधाने अंगठा आणि त्या एका बोटाच्या चिमटीत पट्टा पकडला आणि आईच्या कपाळावरून ओढून काढला.

काटा धाडकन शून्यावर आला. दिवा विझला.

"वेडी झालीस का तू?" सानिका किंचाळली. "तुझा हात होता तो!"

"माझाच आहे ना? मग मी ठरवते."

"तुला कळतंय ना, हे काय झालं?" मणेर मॅडम पुढे आल्या. "तक्रार उघडी राहिली. ती बंद होईपर्यंत ऑपरेशन नाही. आणि नसा वाट बघत बसत नाहीत, बाळा. फार उशीर झाला तर ऑपरेशनचाही उपयोग होणार नाही."

"कळतंय."

"मग?"

"उघड्या तक्रारीत मूळ डॉक्टरला त्याच दिवसापासून दर महिन्याला खुर्चीत बसावं लागतं. नियम आहे ना? मी वाचून आलेय."

सानिका दोन्ही हातांनी कपाळ धरून बसली होती. पट्टा गेला होता, पण तिच्या चेहऱ्यावर काही उतरल्याचं दिसत नव्हतं. वेधा तिच्याजवळ गेली. "आई, तू भांडायला हवं होतंस, हे खरंय," ती म्हणाली. "मला रागही आलाय तुझा, घरी गेल्यावर भांडणारेय मी. पण ते आपलं घरातलं. ते यांच्या तबकडीवर नको."

सानिकाने वर बघितलं. मग तिने डोळे पुसले, उठून उभी राहिली आणि खुर्ची मोकळी करून दिली.

"बसा, डॉक्टर," वेधा म्हणाली.

घोरपडेंनी घड्याळ बघितलं. "बाहेर पेशंट थांबलेत, वेधा. आणि खरं सांगू? तू वर्षभर आलीस तरी माझा काटा हलणार नाही. मी नियमाप्रमाणे वागलोय."

"माहितीये. बसा."

ते बसले. मणेर मॅडमनी पट्टा उचलला. "वेधा," त्यांनी हळूच विचारलं, "आणि हा काटा खरंच कधीच हलला नाही तर?"

वेधाने खेदघराचं दार सताड उघडलं. बाहेर बाकांवर बसलेली माणसं माना वळवून आत बघायला लागली.

"तर सगळ्यांना दिसेल ना," ती म्हणाली, "हलत नाही ते."