डाव्या चाकाचा सांधा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते गाडी ढकलताना. तोंड रस्त्याकडे, पाठ गाडीला, पाय रोवलेले, आणि ऐन थंडीच्या सकाळी कपाळावर घाम. आमच्या गॅरेजसमोर जरासा उतार आहे. गाडी त्या उताराला लागली, आपली आपण पळायला लागली, आणि हा मागच्या मागे रस्त्यावर धप्पकन बसला.

“अहो, स्टिअरिंगवर कोण आहे?” मी ओरडले.

“पेशंट!” त्याने बसल्या जागेवरून उत्तर दिलं.

पुढच्या सीटवर एक बकरी होती. तिच्या पायाला पांढरंशुभ्र बँडेज होतं आणि ती माझ्याकडे असं बघत होती, जणू सगळी चूक माझीच. मी हातातला पाना टाकला, धावत जाऊन दार उघडलं आणि हँडब्रेक ओढला. गाडी आमच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली.

तो कपडे झटकत आला. “वाचवलंत. मी गुरांचा डॉक्टर. नवीनच आलोय इथे.”

“दिसतंयच. पेशंट ऐटीत पुढे आणि डॉक्टर मागून ढकलतोय.”

“तिचा पाय मोडलाय हो. तिला कसं सांगू, तू ढकल म्हणून?”

मला हसू आलं. मला ते सहजासहजी येत नाही. दिवसातले आठ तास गाडीखाली उताणं पडणाऱ्या बाईला हसण्यासारखं फारसं काही दिसतही नाही.

गाडी माझ्याहून चार वर्षांनी थोरली होती. त्याच्या मामांची. मामा गेले आणि गाडी भाच्याकडे आली. तो तिला ‘म्हातारी’ म्हणायचा. “म्हातारीला काय झालंय बघता का, मिस्त्रीबाई?” त्याने विचारलं. हा शब्द लोक आजवर मला चिडवायला वापरत आले होते. त्याच्या तोंडी मात्र तो एखाद्या पदवीसारखा वाटला... आणि मी उगाचच पदराने हात पुसले. पदर कुठला, अंगात कामाचा सदरा होता. त्यालाच काळे डाग पडले.

आमच्या गॅरेजची एक पद्धत आहे, बाबांनी घालून दिलेली. जुनी गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली की या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची. जे जे झिजलंय ते गिऱ्हाइकाला एकदम सांगायचं, हातचं काही राखायचं नाही. आणि जोडीची वस्तू जोडीनेच बदलायची. एक बाजू नवी नि एक जुनी, असली गाडी बाबांनी दाराबाहेर कधी सोडली नाही. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. तेव्हापासून ते दाराशी खुर्ची टाकून बसतात, आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतात, आणि काम मी करते.

त्या दिवशी मी म्हातारीखाली उतरून सगळं तपासलं. फॅन बेल्ट तुटला होता. क्लचची केबल शेवटच्या दोन तारांवर आली होती. रेडिएटरचे पाइप कडक होऊन भेगाळले होते. हे सगळं सांगायला मी खड्ड्यातून डोकं वर काढलं, तर तो बकरीला पाणी पाजत होता. पाजण्याआधी वाटीत स्वतःचं बोट बुडवून बघत होता, पाणी फार गार तर नाही ना.

मी त्याला फक्त बेल्टचं सांगितलं.

केबलसाठी तो दहा दिवसांनी आला.

“म्हातारी रुसलीय,” तो म्हणाला. “गिअर टाकू देत नाही.”

“वय झालं की असंच. आज हे दुखतं, उद्या ते.”

“पण इथे आणलं की लगेच बरी होते. दुसऱ्या कुणाला दाखवून बघू का?”

“दाखवा की. अडवलंय कुणी?”

“मी नेईन हो, पण तीच यायची नाही...” तो माझ्या हातातल्या केबलच्या वेटोळ्याकडे बघत म्हणाला. “तिला इथली सवय लागलीय.”

मग पाइपसाठी आला. तोवर त्याची जागा ठरून गेली होती. खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसायचं, बॅटरी धरायची, आणि कुठल्या म्हशीने कुठल्या पाटलाला कशी लाथ मारली ते सांगायचं. बॅटरीचा उजेड पाइपवर कमी आणि माझ्या तोंडावर जास्त पडायचा. “डॉक्टर, दुखणं इकडे आहे,” मी म्हणायचे. तो ओशाळून उजेड हलवायचा, आणि दोन मिनिटांत पुन्हा तेच. एकदा त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. “गालावर... नाही, दुसऱ्या.” मी पुसलं. काळाकुट्ट झालेला रुमाल मी धुऊन देते म्हटलं, तर त्याने तो घडी घालून वरच्या खिशात ठेवला. “राहू दे,” एवढंच म्हणाला.

“या डॉक्टरची गाडी भलतीच आजारी दिसते,” तो गेल्यावर बाबा म्हणाले.

“जुनी आहे बाबा.”

“हं. जुनी तर तूही व्हायला लागलीयस. तिशी उलटून गेली.” आणि मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना वाटलं, पोरीचं सुख चालत चालत दाराशी आलंय. मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या खेपेला तो आला तेव्हा स्टिअरिंग ढिलं झालं होतं. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळतात, ती दोन सांध्यांच्या जोरावर. एक उजव्या चाकाशी, एक डाव्या. उजवा पार गेला होता. डावा मी हाताने हलवून पाहिला. जरासा हलला. जरासाच. महिनाभर सहज निघेल असं मला मनापासून वाटलं, यात खोटं काही नाही. दोन्ही सांध्यांचे खोके फळीवर शेजारी शेजारी होते. एक मी उघडला. दुसरा हातात घेतला... आणि परत ठेवला. म्हटलं, हा पुढच्या महिन्याला. पुढच्या महिन्यात तो आला, की गेल्या तीन खेपा जे ओठांवर आणून गिळतोय ते कदाचित बोलेल.

“झालं सगळं?” दुपारी त्याने विचारलं. “उद्या डोंगरावर जायचंय. गाय अडेल असं वाटतंय. पहिलटकरीण आहे.”

डोंगराचा रस्ता मला माहीत होता. हात पुसता पुसता मी थांबले. पुन्हा जॅक लावायचा, पुन्हा चाक काढायचं, ‘एक बाजू राहिली’ म्हणून त्याला सांगायचं... ज्या एका माणसाला माझं काम चोख वाटत होतं, त्याच्यासमोर लाज काढून घ्यायची. अर्ध्या तासाचं काम होतं.

“झालं,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन आला. तो वाचला होता, हे आधी सांगते, कारण मलाही त्यांनी ते आधी सांगितलं. चढावरच्या वळणावर डावं चाक आपल्या मनाने बाहेर फिरलं आणि गाडी नाल्यात आडवी झाली. त्याचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. गायीपाशी वेळेत कुणीच पोचलं नाही. गाय गेली, वासरूही गेलं.

गाडी ओढून आमच्याकडेच आणली. आणखी कुठे आणणार? बाबा खुर्चीतून उठले, गाडीपाशी खाली बसले आणि हाताने चाचपू लागले. उजवा सांधा नवाकोरा होता. डाव्या बाजूला त्यांची बोटं रिकाम्या खोबणीत गेली आणि तिथेच थांबली.

“जोडीची वस्तू एकटी का बदललीस?”

“माल नव्हता, बाबा.”

ते भिंतीच्या आधाराने फळीपर्यंत गेले. एकेक खोका बोटांनी ओळखत पुढे सरकले आणि नेमका तोच काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. केलं असतं तर फार बरं झालं असतं.

“मी कुणाला सांगणार नाही,” ते म्हणाले. “तुला सांगायचंय की नाही, ते तुझं तू बघ.”

तीन आठवडे मी दवाखान्याकडे फिरकले नाही. दोनदा निघाले आणि चौकातून परत आले. कुठल्या तोंडाने जाणार होते? शेवटी तोच आला, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, हात गळ्यात अडकवलेला.

“छान! भेटायलासुद्धा आला नाहीत,” तो हसत म्हणाला. “पेशंट डॉक्टर असला म्हणून काय झालं?”

“हात कसा आहे?”

“बोटं पूर्ण मिटणार नाहीत म्हणाले. डाव्याने शिकेन. गायीला काय कळतंय कुठला हात आहे ते?” त्याने म्हातारीकडे पाहिलं. “सगळे म्हणतात, हिला भंगारात घाल. मी म्हटलं, उजवी बाजू झिजली होती ती मिस्त्रीबाईंनी नवी घातली होती, म्हणून जिवंत आहे. दोन्ही एकदम तुटल्या असत्या तर आज इथे उभा नसतो.”

तो दोन पावलं जवळ आला. त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता.

“पडल्या पडल्या मी एक ठरवलं,” तो म्हणाला. “म्हणजे... ठरवलं होतं आधीच. म्हातारीचं निमित्त काढून येणं पुरे झालं. तुमची हरकत नसेल तर... तुम्ही आणि मी, कायमचं... हात गळ्यात असताना कुणी असं विचारू नये, कळतं मला. पण दोन्ही हात धड होते तेव्हा धीर झाला नाही.”

हेच ऐकायला मी एक खोका फळीवर परत ठेवला होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तो सगळा दोष गाडीच्या वयावर घालून मोकळा झाला होता, बाबा बोलणार नव्हते, आणि मला तो हवा होता. पण रोज जेवायला बसताना त्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघायचं, आणि वर ‘तुझ्यामुळे वाचलो’ हे ऐकायचं... मला ते झेपलं नसतं.

“डावाही झिजला होता,” मी म्हणाले. “मला माहीत होतं.”

त्याला आधी कळलंच नाही. “म्हणजे... विसरलात?”

“नाही.”

“मग माल नसेल.”

“होता. दोन्ही होते.”

तो माझ्यासाठी एकेक दार उघडत होता आणि मी ते लावून घेत होते.

“मग का?”

“तुम्ही पुन्हा यावं म्हणून. बेल्ट, केबल, पाइप... सगळं मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.”

खुर्चीत बाबांनी मान खाली घातली. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, “ये म्हणायचं होतंस. नुसतं ये म्हणाली असतीस, तर आलो असतो.”

त्याने मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. ती अशी.

सव्वा महिन्याने तो गाडी न्यायला आला. निरोप बाबांनी धाडला होता. मी म्हातारीचं सगळं काम काढलं होतं, दोन्ही सांधे, दोन्ही बाजूंचे ब्रेक, चाकांची बेअरिंगं, जे जे झिजलं होतं ते सगळं. हात पुसून मी गाडीशेजारी उभी राहिले. त्याने मला नमस्कार केला, परक्या बाईला करावा तसा. मग बाबांकडे वळला.

“काका, एकदा तुम्ही बघाल का?”

आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारतं. काम करून मी समोर उभी असते, आणि लोक आंधळ्या माणसाला म्हणतात, एकदा तुम्ही बघा. मला त्याचं काही वाटेनासं झालंय. फक्त त्याने ते कधीच विचारलं नव्हतं.

बाबा खाली बसले. उजवा सांधा चाचपला, डावा चाचपला, दोन्हींचे नट बोटांनी पाहिले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. “पक्कं आहे, डॉक्टरसाहेब.”

“मग हरकत नाही,” तो बाबांना म्हणाला.

चावी फिरवायला त्याला जरा वेळ लागला. मग इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं, आवाज स्वच्छ, कुठे खडखड नाही. या खेपेला मी काहीएक राखून ठेवलं नव्हतं. आता निदान पाच वर्षं तरी ती गाडी आमच्याकडे यायची नाही.