हद्दीबाहेरचं मरण

सिद्धलिंगची बॅग मुंबईहून आली. आत चार कपडे, एक चार्जर आणि मोज्यात कोंबलेली एक पुरचुंडी. कमलबाईंनी पुरचुंडी सोडली. आत चांदीच्या डबीत लेकाचं इष्टलिंग होतं.

त्या रडल्या नाहीत. पुरचुंडी पदराखाली धरून तडक ठाण्यात आल्या आणि फौजदार मंजुषाच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, माझं पोरगं जहाजावरनं समुद्रात पडलं म्हणत्यात. मग हे माघारी कसं आलं?"

मंजुषा परंड्याकडची. लिंगायतांच्या घरातलं तिला फार ठाऊक नव्हतं.

"काढून ठेवलं असेल त्यानं."

"दीक्षा झाल्यापासनं मरंस्तवर गळ्यात असतंय ते. मेल्यावर हातात दिऊन मातीत बसवत्यात. सिदू विहिरीत पवायचा तवाबी गळ्यातच. त्याचा दोरा, शिवदारा, म्याच बांधला हुता. आखूड. डोक्यातनं निघूच नये असा."

मंजुषानं दोरा उचलला. कमलबाईंची गाठ जशीच्या तशी होती. दोरा दुसऱ्याच जागी कापला होता, धारदार पात्यानं, एका झटक्यात. डबीला भस्म फासलेलं होतं आणि भोवती पांढऱ्या कापडाचा तुकडा, जांभळ्या काठाचा.

"माझ्या लेकराला लई चांगलं पवता येत हुतं," कमलबाई म्हणाल्या. "म्हणून झोप लागंना. पडल्यावर किती येळ हात मारले असतील त्यानं? कुणाला हाका मारल्या असतील? तेवढं सांगा मला. दुसरं काय मागत न्हाय."

कंपनीचं पत्र मंजुषानं वाचलं. जहाज खुल्या समुद्रात होतं, झेंडा परदेशी, म्हणून चौकशीचा अधिकार झेंड्याच्या देशाचा, भारतीय पोलिसांचा नाही. जहाजाचा मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या चिमुकल्या बेटाचा, आणि मेलेलं पोर उमरगा तालुक्याचं. समुद्र सगळ्यांचा आहे असं पुस्तकात लिहितात. गरिबाचं पोर मेलं की तो कुणाचाच नसतो.

हवालदार वैजनाथ म्हणाला, "मॅडम, आपल्या हद्दीत बेन्नीतुरा नदी येती. समुद्र न्हाय येत."

"गाडी काढा."

शिवशंकर मुरुमचा. कमलबाईंचा सख्खा भाचा. जहाजावर डेकच्या खलाशांचा मुकादम, आणि सिद्धलिंगला नोकरी लावणारा तोच. घरात बॅगा भरून ठेवल्या होत्या.

"कुठं निघालात?"

"सोमवारी मुंबईला. नवं जहाज लागलंय."

"सिद्धलिंग पडला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मागंच हुतो. लाट आली, कठड्यावरनं गेला. ट्यूब फेकली, जहाज फिरवलं. घावला न्हाय."

"त्याची बॅग कुणी भरली?"

"कॅप्टनच्या मान्सांनी."

"तुमच्या समाजाचं आणखी कोण होतं जहाजावर?"

"आमच्यातला? म्या एकटाच. मराठी बोलणाराबी दुसरा नव्हता."

"लिंग बॅगेत कसं आलं?"

"कामावर गळ्यात दोरा चालत न्हाय. मशीनीत अडकतो. रोज काढून ठिवायचा तो."

त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. गळा मोकळा.

"तुमचं कुठंय?"

चहा घेऊन आलेली त्याची बायको उमादेवी म्हणाली, "आल्यापासनं घालत न्हाईत. देव्हाऱ्यात ठिवलंय. लई सांगून बघितलं."

"तू गप," शिवशंकर म्हणाला.

मंजुषा देव्हाऱ्याकडं वळली. लिंग एका पांढऱ्या वस्त्रावर ठेवलं होतं. काठ जांभळा. एक कोपरा फाटलेला.

ती चहा प्याली. निघताना म्हणाली, "उद्या सकाळी आत्याच्या शेतावर या."

शेताच्या बांधाला सिद्धलिंगच्या वडिलांनी, कल्याणप्पांनी, लेकासाठी समाधीचा खड्डा खणून ठेवला होता. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. प्रेत तर येणार नव्हतं. ते खड्ड्याच्या कडेला बसून होते, शेजारी कमलबाई. वैजनाथ शिवशंकरला घेऊन आला.

मंजुषानं कापलेला दोरा पुढं धरला.

"रोज काढून ठेवायचा म्हणालास. हा डोक्यातून निघत नाही. म्हणजे काढायला रोज कापायचा आणि परत बांधायचा. मग दुसरी गाठ कुठंय? यात एकच गाठ आहे, तुझ्या आत्याची. हा दोरा एकदाच कापला गेला."

शिवशंकर खाली बघत होता.

"समुद्रात पडलेल्या माणसाच्या गळ्यातला दोरा कोण कापणार? म्हणजे कापला तेव्हा सिद्धलिंग जहाजावरच होता. जिवंत असता तर त्यानं हात लावू दिला नसता. आता कुणी कापला? परक्या कॅप्टननं दोऱ्यासकट फेकलं असतं. भस्म फासून, वस्त्रात बांधून घरी कोण पाठवेल? ज्याला लिंग म्हणजे काय ते कळतं तोच. तसा तिथं एकटा तूच होतास, हे तूच सांगितलंस. आणि वस्त्राचा कोपरा तुझ्या देव्हाऱ्यातल्या वस्त्राचा आहे."

कल्याणप्पा उठले. वैजनाथनं त्यांना धरलं.

"सांग आत्याला," मंजुषा म्हणाली.

"टाकी धुवायची हुती," शिवशंकर म्हणाला. "आतली हवा तपासायला येळ लागतोय. कॅप्टन घाई करत हुता. म्याच त्याला उतरवलं. आत हवाच नव्हती, आत्या. उतरला अन् बसला. वर काढला तवा संपला हुता."

"मग फेकला का?"

"टाकीत मेला म्हणून लिहिलं असतं तर पुढच्या बंदरात जहाज अडकवलं असतं. कॅप्टन म्हणला, आपण खुल्या समुद्रात हाय, हितं कोण इचारतंय. म्या पाय धरले, त्यानं हात."

माणूस फेकवला त्याला. लिंग फेकवलं नाही.

"त्याला माती मिळणार नव्हती," तो पुटपुटला. "लिंगाला तरी मिळावी म्हणून..." मग मंजुषाकडं बघून म्हणाला, "पण मॅडम, झेंडा परदेशी हाय. तुमचा कायदा तितं चालत न्हाय."

"कॅप्टनला हात लावायला मला त्या बेटाच्या पाया पडावं लागेल, खरंय. पण तू भारताचा नागरिक आहेस. भारताच्या माणसानं खुल्या समुद्रात गुन्हा केला, तर तो जिथं सापडेल तिथंच घडला असं धरून खटला चालवता येतो. त्याला दिल्लीची मंजुरी लागते, ती मी मागेन. झेंडा जहाजाला असतो, शिवशंकर. तू मुरुमचा आहेस."

वैजनाथनं त्याचा दंड धरला. त्याला गाडीकडं घेऊन गेला.

कमलबाईंनी विचारलं, "म्हंजे माझं लेकरू पवलं न्हाय?"

"नाही. पाण्यात गेलं तेव्हा ते नव्हतंच."

त्यांनी कितीतरी दिवसांनी डोळे मिटून घेतले. मग हात पुढं केला. "आता द्या ते. मातीत ठिवते."

मंजुषाच्या हातात पुरचुंडी होती. पुरावा म्हणून तेवढंच होतं. निकाल लागेपर्यंत ती मुद्देमालात राहणार. हे त्या बाईला कसं सांगायचं, तिला कळेना.

कमलबाईंना तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. हात त्यांनी माघारी घेतला.

कल्याणप्पांनी फावडं उचललं. खड्डा बुजवायला निघाले होते.

"ऱ्हाऊ द्या, अवो," कमलबाई म्हणाल्या. "यायचंय त्याला अजून."