उशाचा दगड

ही गोष्ट खरी आहे. जिच्या घरी घडली ती माझी पाठची बहीण, अयोध्या. तिला जन्मात कधी खोटं बोलायला फुरसत मिळाली नाही.

मुदखेडच्या पुढे, रेल्वेच्या रुळापलीकडे तिचं गाव. तीन खोल्यांचं घर, वर पत्रे. तीन वर्षांपूर्वीचा फाल्गुन. वेशीजवळ होळीची राख ओली पडलेली, आणि आभाळ खाली उतरून बसलेलं.

आमच्या लहानपणी फाल्गुनात पाऊस आला तर तासाभराचा. लेकरं डोक्यावर टोपली घेऊन गारा वेचायची. आता दिवसचे दिवस झड लागते.

तेव्हाही तशीच लागली होती. लाइट गेलेली. फोन मेलेले. जोंधळा वावरात आडवा झालेला. कुणाला काही काम नव्हतं, आणि अयोध्याला उसंत नव्हती. तिची लेक आरती बाळंतपणाला आलेली. लेकरू महिन्याचंही नव्हतं. दुपटी वाळत नव्हती, म्हणून अयोध्या निखाऱ्यावर टोपली पालथी घालून एकेक दुपटं शेकत बसायची. डोळे धुरानं लाल.

त्याआधीही तिची झोप झालेली नव्हती. तिची सासू कावेरीबाई दिवाळीनंतर गेली. जाण्याआधी दीड वर्ष अंथरुणावर होती. दात नव्हते, पान खलबत्त्यात कुटून खायची. काही हवं असलं की सुनेला नावानं हाक मारायची नाही. बत्ता खलाच्या काठावर आपटायची.

टक… टक… टक.

आणि थांबायची. सून येईपर्यंत.

त्या आवाजाला अयोध्या किती वेळा उठली, त्याला हिशोब नाही. तेराव्याचे दिवस झाल्यावर तिनं तो खलबत्ता सासूच्या नणंदेला देऊन टाकला. घरात नको म्हणाली.

झड लागायच्या आदल्या संध्याकाळी वारं सुटलं. तिच्या पोरानं, बजरंगनं, ट्रॅक्टर काढला, वावरातून दगड आणले आणि पत्र्यांवर ठेवले. सगळ्यात मोठा, चपटा दगड पश्चिमेच्या कोपऱ्यावर. वारं तिकडूनच येतं. त्याच्याच खाली आरतीची बाज आणि लेकराची झोळी.

झडीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थोडा थांबला. घर पेंगत होतं. अयोध्याचाही भिंतीला टेकून डोळा लागला.

टक… टक… टक.

अयोध्या उठली. रांजणातून तांब्या भरला. पदर सावरला. खोलीच्या दारापर्यंत गेली…

आणि तिथं तिच्या लक्षात आलं.

पाणी न्यायचं कुणाला?

आरती बाजेवर उठून बसली होती. वर बघत होती.

"आई, पत्र्यावर कोण हाय?"

"माकड असंल."

"माकड असं थांबून थांबून वाजवतंय का?"

बजरंगनं शिडी लावली. वर जाऊन आला. मग म्हणाला, "कोणी न्हाई. पण सगळे पत्रे ओले हायत, अन्‌ त्या मोठ्या दगडापाशी… एक माणूस बसंल एवढी जागा कोरडी हाय."

अयोध्याचे मालक शेषेराव ओसरीवर होते. ते म्हणाले, "तो दगड कुठून आणलास रे?"

"धुऱ्यावरून."

"कोणत्या धुऱ्यावरून?"

"लिंबाखालच्या बांधावरून. अंधारून आलं होतं बापू, हाताला लागला तो टाकला ट्रॉलीत."

शेषेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आईच्या उशाचा हाय तो."

आमच्याकडे माणसाला स्वतःच्याच वावरात अग्नी देतात. त्या जागेवर उशाला एक दगड ठेवतात, त्यावर निवद ठेवतात. त्याला पुन्हा कुणी हात लावत नाही. करडईच्या काट्यात ती जागा बजरंगला ओळखू आली नव्हती.

"आत्ताच्या आत्ता खाली घ्या," आरती म्हणाली. "माझं लेकरू हाय खाली."

"आज्जीच हाय ना, परकी हाय का?" बजरंग म्हणाला. "वरून नातीचं लेकरू बघून राहिली असंल."

कुणी हसलं नाही. तोही हसला नाही.

दगड उतरवला. एकट्या बजरंगनं चढवलेला, उतरवायला बापलेक दोघं लागले. वावराच्या वाटेवर गुडघाभर चिखल, ट्रॅक्टर जायचा नाही. म्हणून दगड उंबऱ्याच्या बाहेर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. उद्या वाट सुकली की नेऊ म्हणाले.

त्या जागी दुसरा दगड ठेवायला बजरंग शिडीकडे वळला, तेवढ्यात गारा सुरू झाल्या.

दिवेलागणीची वेळ होती. वारं असं आलं की शिडीच उडून गोठ्यावर पडली. शेजारच्या शिवप्पाचे पत्रे सुटले. एक पत्रा अंगणातून गरगरत आला आणि दारावर आपटला. बाहेर पडायची सोय राहिली नाही.

आणि आत, कोपऱ्यातला पत्रा उचलायला लागला.

आधी बोटभर. मग हातभर. त्यातून काळं आभाळ दिसायला लागलं. गारा थेट बाजेवर पडायला लागल्या. आरतीनं लेकरू पोटाशी धरलं आणि वर पाठ केली. शेषेराव आणि बजरंग पत्र्याला बांधलेल्या दोराला लोंबकळले, पण पत्रा त्या दोघांना घेऊन वर चालला होता. पत्रे पेलणारं लाकडी आडू मोडलं असतं तर पत्र्यासकट सगळं त्या मायलेकरावर आलं असतं.

अयोध्या खोलीच्या मधोमध उभी होती. आक्का, तवा मला भ्यावंबी वाटलं न्हाई, असं ती मला म्हणाली. मी लई थकले होते, एवढंच.

तिनं वर बघितलं. सासूशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, बसा वर. लेकरू हाय खाली."

पत्रा खाली आला.

आदळला नाही. म्हातारं माणूस आधी हात टेकतं, मग गुडघे मोडतं, मग सगळा भार सोडतं… तसा आला. आडूनं कण्हल्यासारखा आवाज केला. दोर सैल पडला.

त्यानंतर रात्र पडेपर्यंत वारं घोंगावत होतं. तो पत्रा हलला नाही.

फक्त मधूनमधून…

टक… टक… टक.

अयोध्या प्रत्येक वेळी म्हणायची, "हाय, आत्याबाई. इथंच हाय."

सकाळी दार उघडलं. शिवप्पाचे पत्रे नाल्यात सापडले. अयोध्याचा एकही गेला नव्हता. तो दगड उंबऱ्याबाहेर होता तिथंच होता. त्याच्यावरचं हळदकुंकूसुद्धा धुऊन गेलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या पत्र्यावर काहीच नव्हतं. पण तो खोल दबला होता. खालून बघितलं तर मांडी घालून बसल्यासारखा खळगा दिसायचा.

वाट सुकल्यावर दगड लिंबाखाली नेऊन ठेवला. नारळ फोडला, निवद दाखवला. आरती लेकराला घेऊन सासरी गेली. सगळं रीतसर झालं.

पण अयोध्या बसा म्हणाली होती ती दगड वर नसताना; दगड नेला म्हणून बसलेलं माणूस उठत नाही.

यंदाच्या फाल्गुनात मी तिच्याकडे गेले होते. बजरंगला स्लॅब टाकायचा आहे. सळया येऊन अंगणात गंजत पडल्या आहेत. बाकीच्या दोन्ही खोल्यांचे पत्रे निघालेत. ती खोली तेवढी तशीच. अयोध्या तिला हात लावू देत नाही. तिथंच झोपते. डोळ्याखाली ती जुनीच काळी वर्तुळं.

दुपारी आभाळ भरून आलं. वारं सुटलं. आम्ही दोघी शेवया मोडत बसलो होतो.

मी म्हणाले, "अगं, तीन वर्षं झाली. एकदा हात जोडून सांगावं, आता उठा म्हणून. तुझं ऐकतील त्या."

अयोध्यानं सुपातल्या शेवया सारख्या केल्या.

"आपणच बसा म्हणलेलं माणूस हाय, आक्का. सुनेनं सासूला उठा म्हणावं का?"

सून मीही होते.

वर बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण कानाला कसं सांगणार…

टक… टक… टक.

अयोध्यानं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात दिला आणि उठली.

रांजणातून तांब्या भरला.