आधी तपासणी

उत्तर ध्रुवाकडच्या त्या गावात विमानातून उतरवताना खोकं फाटलं आणि वाऱ्याने डाव साधला. शेकडो कंडोम धावपट्टीच्या बर्फावर सैरावैरा पळत सुटले, अन् त्यांच्यामागे आरोग्यकेंद्रातली अकिनीसी! सामान घ्यायला अख्खं गाव जमलेलं. मदत करील तर शपथ... सगळे पोट धरून हसत होते.

एकच जण पुढे धावला. दक्षिणेकडच्या खाणीतलं काम संपवून त्याच विमानाने परतलेला पुटुगुक. ओंजळी भरभरून त्याने पाकिटं गोळा केली आणि ठेवायला दुसरं काही दिसेना, म्हणून सरळ अकिनीसीच्या कोटाच्या टोपीत टाकली. पाठीवर बाळ बसवायच्या त्या मोठ्या टोपीत!

"अरे मेल्या, ती बाळाची जागा!" सियासी मावशी ओरडली. "तिथे हे बसले, तर बाळ येणार कुठून?"

"येईल की मावशी... बोलावल्यावर!" तो म्हणाला, अन् अकिनीसीकडे बघून हसला. त्या थंडीतही तिचे कान तापले.

मग काय, रोज कुठे ना कुठे गाठ पडू लागली. एका दुपारी तर दोघं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकून बसले होते.

"गळ हलव ना. माझ्याकडे काय बघतोस?"

"मासा दिसेना... मग जे दिसतंय ते बघतो."

तो जवळ सरकला. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला. तिलाही हवा होता तो, अगदी मनापासून. तरी ती म्हणाली, "थांब... आधी तपासणी. दोघांची."

"मी काय आजारी दिसतो?"

"दिसत नाही, तीच तर या रोगांची खोड आहे. माझ्या ताईलाही काही दिसलं नव्हतं. हा कोट तिने स्वतःच्या बाळासाठी शिवला... बाळ झालंच नाही. रोग कळला तेव्हा फार उशीर झाला होता."

"अगं, केंद्रासमोरच दुकान आहे. मी आत शिरलो की संध्याकाळपर्यंत गावभर!"

"होऊ दे."

त्याने दोरी गुंडाळली आणि गावाची वाट धरली.

त्यानंतर तो फिरकलाच नाही. अकिनीसीने दुसऱ्याच दिवशी नर्सकडून स्वतःची तपासणी करून घेतली, निर्धास्त झाली, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. शब्द मागे घ्यावा का? छे! पण तो गेलाच तर...

शनिवारी गावच्या रेडिओवर तिचा आरोग्याचा कार्यक्रम असे. लोक फोन करत, नाव न सांगता विचारत. सियासी मावशी बटणं सांभाळायची. त्या शनिवारी पहिलाच फोन आला...

"पुटुगुक बोलतोय."

मावशीचा हात हवेतच राहिला.

"अकिनीसी घरी गेल्यावर केंद्रात जाऊन तपासणी केली. गुप्तरोग निघाला. मला काडीचा त्रास नव्हता... गोळ्या घेतल्या. खाणीवरच्या मैत्रिणीलाही फोन करून सांगितलं. फार बोलली ती मला, पण गेली तपासायला. पोरांनो, जा रे, नर्स कुणाचं नाव बाहेर काढत नाही. मी आपणहून सांगतोय." तो अडखळला. "आणि अकिनीसी... मी अजून आवडतो का तुला?"

अकिनीसीने भुवया उंचावल्या. गावात 'हो' म्हणायची हीच रीत.

रेडिओवर शांतता.

"हॅलो?... बरं. समजलो मी." त्याचा आवाज पडला.

"अरे गाढवा, फोन ठेवू नकोस!" मावशी माइकवर झेपावली. "भुवया उडवल्यात तिने! केसांना टेकल्यात!"

आता तर गावभर घराघरांत हशा पिकला असणार. अकिनीसी हसत होती, रडतही होती. "हो रे... हो. आणि पुटुगुक, तुझे उपकार कसे फेडू? तू मला जपलंस."

"जपायला तू शिकवलंस," तो हळूच म्हणाला. "पण नर्स म्हणते, आठवडाभर थांब."

"चहासाठी काही थांबायला सांगितलं नाही ना तिने?" अकिनीसी म्हणाली. "ये... मी आधण ठेवते."