डबीतली तांबडी वायर

बाइंडरच्या दुकानात थोरला भाऊ स्टुलाजवळ मरून पडला होता. मुठीत जळका दिवा, बोटं भाजलेली. बटण मात्र बंद होतं.

प्रेत हलवल्यावर फौजदारबाईंनी मेन बंद करून बटणाची डबी उघडली. बटणाला काळी वायर. वीज आणणारी तांबडी वायर मात्र टेपने जोडून थेट दिव्याकडे गेलेली.

"म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये वीज होतीच," बाई म्हणाल्या.

"त्या म्हाताऱ्या वायरमनचे प्रताप," धाकटा भाऊ म्हणाला. मेणावरून दोरा ओढून तो पुस्तक शिवत होता. "हात रिकामे राहिले तर वेड लागेल, मॅडम. मला तर विजेची इतकी भीती, की बटणसुद्धा लाकडाने दाबतो."

वायरमनला आणलं. मोतीबिंदूने डोळे धुरकटलेले.

"तांबडी बटणाला, काळी सरळ दिव्याला. जन्मभर हेच केलं, बाई. पण आता रंग नीट दिसत नाहीत. मीच चुकलो असेन. घाला आत. देवापुढे खोटं कशाला बोलू?"

बाईंनी कबुलीचा कागद बाजूला सारला. या कबुलीवर सही झाली, की म्हातारा तुरुंगातच मरणार.

"काका, जोड कसा देता?"

"पकडीने पीळ, वर टेप. आणखी काय?"

बाईंनी टेप सोडवली. खालचा जोड न्याहाळला. मग दारात उभ्या असलेल्या थोरल्याच्या बायकोकडे वळल्या.

"इथे शिलाई कोण करतं?"

"भाऊजीच. कटिंग मशीनमध्ये यांची दोन बोटं गेली, तेव्हापासून यांनी सुई धरली नाही. आता दुकान लेकीच्या नावावर करणार होते."

"चूक काकांची असती, तर तांबडी अखंड असती," बाई म्हणाल्या. "ही मधोमध तोडलेली आहे आणि दोन्ही टोकांवर बटणाच्या स्क्रूखाली चेपल्याची खूण आहे. म्हणजे काकांनी ती बटणालाच लावली होती. नंतर कोणीतरी ती काढून जोडली, काळी तोडून तिच्या जागी बसवली आणि वर जळका दिवा लावून ठेवला. त्याच्याकडे पकड नव्हती. पीळ सुटू नये म्हणून त्याने हाताच्या सवयीचं केलं."

टेपखाली मेणाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे होते. शेवटी दुहेरी गाठ, धाकट्याच्या हातातल्या पुस्तकावर होती तशीच.

सुई थांबली.

"सगळी हयात इथे घातली मी, वहिनी. आणि दादा पोरीला देत होता."

"'बटण बंद केलंय, दादा, चढ निर्धास्त,'" वहिनी हळूच म्हणाली. "जिन्यावरून ऐकलं मी. वाटलं, किती जपता तुम्ही यांना."

शिपायाने धाकट्याला बाहेर नेलं. वायरमनने चाचपडत तांबडीचं चेपलेलं टोक धरलं.

"म्हणजे मी बरोबरच लावली होती?"

"हो, काका."

त्याने हात जोडले. मग स्टुलाच्या दिशेने पाहत म्हणाला, "पण माणूस तर गेलाच ना, बाई."