बाबांच्या रोलवर माझे फोटो

"अहो, ओढू नका! तुटेल ना ते झाकण!"

मी दचकलेच. भर चौकात बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याशी माझी झटापट चालली होती, आणि समोर बाह्या दुमडलेला हा कोण आगाऊ...

"तुम्ही काय कॅमेऱ्याचे डॉक्टर?"

"छे, मागच्या गल्लीत रोल धुतो. द्या इकडे."

माझ्या पिशवीत दोन रोल होते. एक नवा, दुसरा बाबांचा शेवटचा. मी शाळेत असताना बाबा गेले, तेव्हापासून तो कपाटात पडून होता. धुवायला टाकायचा धीर मला आजच झाला होता. त्यानं झाकण अलगद उघडलं, पिशवीतला एक रोल उचलला, कॅमेऱ्यात बसवला आणि झाकण लावलं. मी लगेच त्याच्यावरच कॅमेरा रोखला. तो हसला – इतकं छान, की मी उगीचच फोकस नीट करत राहिले आणि मग बटण दाबलं.

मग दिवसभर मी रस्ते पालथे घातले. छत्र्या दुरुस्त करणारी बाई, बसथांब्यावरची गर्दी, काय दिसेल ते टिपलं. संध्याकाळी दोन्ही रोल त्याच्याकडे देऊन आले, एक बाबांचा शेवटचा आहे हेही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गेले, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"घोळ झालाय... माझ्याकडून. फोटो काढून झालेल्या रोलमध्ये फिल्मचं टोक डबीत आत गेलेलं असतं. तुमच्या बाबांच्या रोलचं बाहेर होतं, म्हणून मला तो नवा वाटला."

बाबा टोक मुद्दाम बाहेर ठेवायचे. धुताना सोपं जातं म्हणायचे.

"सगळं गेलं?"

"गेलं नाही. पण तुमचे फोटो त्यांच्या फोटोंवर उमटलेत, आता वेगळे होणार नाहीत. सांगूच नये असं वाटलं होतं, पण तुमच्याशी खोटं... नाही जमणार मला."

त्यानं फोटो मांडले. छत्रीवाल्या बाईच्या मागे खिडकीत केस विंचरणारी तरुण आई. बसथांब्यावरच्या गर्दीत दोन वेण्यांतली, जीभ काढणारी मी! आणि पहिल्या फोटोत त्याचं हसू, त्याच्या शेजारी कमरेवर हात ठेवून आई – जणू जावई पारखतेय.

"रडताय की हसताय?" त्यानं घाबरून विचारलं.

"दोन्ही! बापलेकीनं मिळून काढलेला फोटो आहे का दुसऱ्या कुणाकडे? सांगा ना!" अभिमानानं माझा ऊर भरून आला होता.

"तुमच्या आईंची माफी मीच मागणार," असं म्हणत तो हट्टानं घरी आला. आई कितीतरी वेळ फोटोंवरून बोट फिरवत राहिली.

"हे ह्यांनी काढलंय... आणि हे माझ्या लेकीनं. तोडीस तोड आहे हो पोरगी!" तिनं डोळे पुसले, मग त्याच्याकडे वळली. "आणि तू कोण रे?"

"मी... चूक केली ती मीच."

त्याची मान खाली गेली. माझी मात्र ताठ होती.

"आई, हा मला आवडतो."

त्यानं झटकन वर पाहिलं. कान लालेलाल!

"काकू," तो कसाबसा म्हणाला, "हे... हेच तर खरं मी सांगायला आलो होतो."